फोटोवाल्याचा धंदा



आपल्या गावात कोणाच्याही घरी जा. ओसरीच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींजवळ, घरच्या वडीलधाऱ्या माणसाचा फोटो टांगलेला दिसतो. आजोबांचा फेटा, आजीचे मोठे कुंकू. खाली नाव आणि तारीख. वर चंदनाचा हार. माणूस गेला, पण त्याची मुद्रा घरात राहिली.

पण पुष्कळ घरांत निराळेच घडते. म्हातारे माणूस जाते. दहाव्याच्या आत फोटो हवा असतो. मग शोधाशोध सुरू होते. फोटो सापडतो तो मतदानाच्या ओळखपत्रावर, नखाएवढा. नाहीतर कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यात, अर्धा झाकलेला. मुलगा तो घेऊन तालुक्याला धावतो. म्हणतो, "एवढा मोठा करून द्या." मोठा केला की चेहरा पुसट होतो. मग फोटोवाला अंदाजाने डोळे काढतो, अंगात कोट चढवतो. फोटो घरी येतो आणि नातू विचारतो, "हे कोण?"

तेव्हा माणसाचा चांगला फोटो काढणे ही नुसती चैन नव्हे. ते घराच्या गरजेचे काम आहे. हे काम करून एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी आपले पोट भरू शकेल का? आज आपण याचाच विचार करू.

फोन घरोघरी आहे, मग?

तरुण मुले आम्हांला विचारतात, "गुरुजी, आता पोराटोरांच्या हातात फोन आहे. फोटोवाल्याला कोण विचारतो?"

प्रश्न खरा आहे. आम्ही तो टाळत नाही. नुसते बटण दाबण्याचे काम आता गेले. आधारकार्डाचा फोटो केंद्रातच काढतात. पासपोर्टाचा फोटोही पासपोर्ट सेवा केंद्रात काढतात. केवळ अशा फोटोंवर दुकान चालेल, ही आशा कोणी धरू नये.

पण सुई तर घरोघरी असते. तरी लग्नाचा सदरा कोणी घरी शिवत नाही. तो शिंप्याकडेच टाकतात. कारण शिंप्याजवळ सुई असते, तसे माप असते, हात असतो आणि बोललेल्या दिवशी कपडा देण्याचा शब्द असतो. फोटोवाल्याचेही तसेच आहे. कॅमेरा विकत मिळतो. नजर, हिशेब आणि शब्द या तीन गोष्टी मात्र कमवाव्या लागतात.

राजा दीनदयाळ यांची गोष्ट

फोटो काढण्याची विद्या 1839 साली युरोपात जाहीर झाली. ती लवकरच आपल्याकडे आली. 1854 साली तर मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी स्थापन झाली. पुढे या विद्येवर ज्यांनी मोठे नाव मिळवले, त्यांत लाला दीनदयाळ हे एक होत.

त्यांचा जन्म 1844 साली मेरठजवळच्या सरधना गावी झाला. ते रुडकीच्या कॉलेजात इंजिनियरीचे शिक्षण शिकले. मग इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे काढायचे, बांधकामाच्या खर्चाचा अंदाज करायचा, हे त्यांचे काम. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पण कॅमेरा आला म्हणून लगेच नोकरीवर लाथ मारली नाही. नोकरी सांभाळून हात बसवला. ओळखी वाढवल्या. पुढे रजा काढून धंदा करून पाहिला आणि जम बसल्यावर मग नोकरी सोडली.

इंदूर आणि सिकंदराबाद येथे त्यांचे स्टुडिओ झाले. 1896 साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारचे फोटोग्राफर नेमले आणि राजा हा किताब दिला.

त्यांची एक युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी हैदराबादच्या मोठ्या घरच्या स्त्रिया पडद्यात राहत. परक्या पुरुषापुढे फोटोला बसणे शक्यच नव्हते. तेव्हा दीनदयाळांनी 1892 साली स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती बांधल्या. आतला कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवला. गिऱ्हाईक का येत नाही, हे त्यांनी ओळखले आणि ती अडचण दूर केली. धंदा असा वाढतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या टापटिपीची. त्या वेळी फोटो काचेवर उतरत. त्या काचांवर अनुक्रमांक घालून त्या जपून ठेवत. दीनदयाळ 1905 साली वारले. पण त्यांच्या 2,857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. इतक्या वर्षांनीही त्यांवरून ते जुने चेहरे आपल्याला पाहता येतात.

बायकांनाही हे काम जमते

कोणी म्हणेल, दीनदयाळांच्या पाठीशी राजेरजवाडे होते. आमच्या पाठीशी कोण? तर दुसरे उदाहरण ऐका.

बंगालमध्ये अन्नपूर्णा दत्त नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांचा जन्म 1894 सालचा. लग्न लहानपणीच झाले. त्यांनी फोटोची विद्या शिकून घेतली आणि तिच्यावर संसाराला हातभार लावला. त्यांनी दुकान थाटले नाही. लोकांच्या घरी जाऊन त्या बायकांचे, मुलांचे फोटो काढत. फोटो धुण्याचे, छापण्याचे काम स्वतः करत. लोक त्यांना फोटोग्राफर माशीमा, म्हणजे फोटोवाली मावशी म्हणत.

आपल्या खेड्यांतही कितीतरी आज्या, सुना परक्या पुरुषासमोर अंग चोरून बसतात. फोटोत त्या रुसल्यासारख्या दिसतात. तिथे गावची एखादी मुलगी कॅमेरा घेऊन गेली, तर त्याच आजी मोकळेपणी हसतील.

नजर कशी तयार करावी?

सुरुवातीला महाग कॅमेरा लागत नाही. हातातल्या फोनवर अभ्यास करता येतो. पुढील गोष्टी करून पाहाव्या.

भर दुपारी उन्हात फोटो काढू नये. वरून ऊन पडले की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. माणसाला ओसरीत किंवा दाराच्या आत, सावलीत बसवावे. उजेड एका बाजूने येऊ द्यावा. दुसरी बाजू फार काळी वाटली, तर तिकडे कोणाला तरी पांढरे धोतर ताणून धरायला सांगावे. धोतरावरचा उजेड परतून चेहऱ्यावर येतो. यासाठी खर्च काहीच नाही.

कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नये. जवळून नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चार पावले मागे सरावे. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. डोळे स्वच्छ आले पाहिजेत. बाकी थोडे पुसट आले तरी चालते.

पांढरा फेटा, पांढरा सदरा असला की यंत्र फसते. त्याला वाटते उजेड फार आहे. मग ते सगळेच चित्र गडद करते आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी उजेड थोडा वाढवावा. मात्र सावळा माणूस गोरा करू नये. उन्हात राबलेला रंग, कपाळावरच्या आठ्या हीच त्या माणसाची ओळख. ती पुसली, तर घरचे लोक कोणाला ओळखणार?

माणूस बसला की लगेच बटण दाबू नये. आधी बोलावे. पाऊसपाणी, बैल, नातवंडे यांविषयी विचारावे. बोलता बोलता माणूस मोकळा होतो. तो क्षण टिपावा. कुंभाराला चाकापाशी, धनगराला खांद्यावर घोंगडी घेऊन, सुईणीला तिच्या अंगणात बसवून पाहा. मागे परक्या बर्फाच्या डोंगराचा पडदा कशाला? असे करता करता आपली एक रीत तयार होते. मग लोक फोटो पाहून म्हणतात, "हा अमक्याने काढलेला." तीच कलावंताची सही.

हिशेब

कसब आले, तरी हिशेब नसला तर धंदा बुडतो. एक उदाहरण मांडू.

समजा, मोठा फोटो चौकटीसह 900 रुपयांना दिला. छपाईला 150, चौकटीला 300 आणि जाण्यायेण्याच्या पेट्रोलला 60 रुपये गेले. एकूण खर्च 510. हाती राहिले 390 रुपये.

हे 390 रुपये सगळे आपले का? नाही. समजा, खोलीचे भाडे महिना 2,000 आहे. वीज आणि फोन 700. शिवाय 60,000 रुपयांचा कॅमेरा पाच वर्षे, म्हणजे 60 महिने चालला, तर त्याची झीज महिन्याला 1,000 रुपये झाली. नांगराचा फाळ झिजतो, तसा कॅमेराही झिजतो. एकूण झाले 3,700. आता 3,700 ला 390 ने भागून पाहा. महिन्याचे पहिले नऊ फोटो खर्चातच जातात. दहावा फोटो झाला की मग घरात पैसा येऊ लागतो.

म्हणून सुरुवातीला खोली भाड्याने घेऊ नये. घरची ओसरी पुरते. लग्नसराईत तालुक्याच्या फोटोवाल्याकडे मदतनीस म्हणून जावे. काम शिकता येते आणि चार पैसेही मिळतात. चातुर्मासात लग्ने नसतात. शेतीसारखाच याही धंद्याला हंगाम आहे. हंगामातला पैसा पावसाळ्यासाठी राखावा. त्या रिकाम्या दिवसांत वाडीवाडीला जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढावे.

कर्ज घ्यायचेच झाले, तर सावकाराच्या दारी जाऊ नये. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' नावाचा भाग आहे. त्यात लहान धंद्यासाठी बँकेतून 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्याला तारण लागत नाही. पण कर्ज ते कर्जच. हप्ता फेडण्याइतके काम हाती असेल, तरच घ्यावे.

शब्द

फोटो कधी देणार, केवढा देणार, किती पैसे घेणार, हे आधी कागदावर लिहून द्यावे. थोडे पैसे आगाऊ घ्यावे. बोललेल्या दिवशी फोटो द्यावा. फोटो दोन ठिकाणी जपून ठेवावे. नाव आणि तारीख घालावी. पाच वर्षांनी कोणी रडत येईल आणि म्हणेल, "बाबांचा तो फोटो आहे का हो?" त्या वेळी तो सापडला पाहिजे.

आणखी एक. कोणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय फोनवरून दहा जणांना धाडू नये. पोरीबाळींचा तर मुळीच नाही. कायदाही समजून घ्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. आपल्याला तो फोटो जाहिरातीसाठी हवा असेल, तर त्यांची लेखी संमती घ्यावी. खेड्यात एकदा विश्वास गेला की तो परत येत नाही.

नजर, हिशेब आणि शब्द. या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, त्याला लोक घरी बोलावतील. आणि तुम्हांला फोटोवाला व्हायचे नसले, तरी एवढे करा. घरात वडीलधारे माणूस असेल, तर त्याला दिवस मावळण्याआधी, मऊ उजेडात, ओसरीवर बसवा. त्याच्याशी बोला. आणि ते आहे तोवर त्याचा एक चांगला फोटो काढून ठेवा.

प्रश्न

1. दीनदयाळांनी नोकरी लगेच का सोडली नाही?
2. पांढऱ्या धोतराचा फोटो काढताना काय उपयोग होतो?
3. वरच्या उदाहरणात महिन्याला 15 फोटो झाले, तर घरात किती रुपये येतील? हिशेब करा.
4. तुमच्या घरातील सर्वांत वडील माणसाचा चांगला फोटो आहे का? नसेल तर कधी काढाल?