लाइफ जॅकेट : तरंगणे वेगळे, तोंड पाण्याबाहेर राहणे वेगळे

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि तेरापेक्षा जास्त माणसे गेली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. त्याच वर्षी जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली होती. तिची चर्चा फारशी झाली नाही. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नावच बुडाली होती.

बंधू-भगिनींनो, पाण्यावर जाणे ही आपल्यासाठी सहल नसते. मजुरीसाठी नदी ओलांडावी लागते, मासे धरावे लागतात, पुरात वस्ती सोडावी लागते, विसर्जनाच्या दिवशी आपली पोरे तराफ्यावर कामाला असतात. आपल्या देशात दरवर्षी पस्तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. हा आरोग्याचाच प्रश्न आहे, म्हणून या वेळी या पानावर औषधाऐवजी एका अंगरख्याची माहिती देत आहोत. जॅकेट हातात पडले तरी ते कसे काम करते हे माहीत नसेल, तर माणूस ते उशाला घेतो किंवा खांद्यावर नुसते अडकवून फोटो काढतो.

आधी साधे विज्ञान पाहू. विहिरीत बुडालेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाणी वस्तूला वर ढकलते. शाळेच्या पुस्तकात त्याला प्लावक बल म्हणतात. आपल्या शरीरातही बहुतांश पाणीच आहे, त्यामुळे साठ किलोचा माणूस पाण्यात पूर्ण बुडाला तर त्याचे वजन जेमतेम दोन-तीन किलो भरते. छातीत भरपूर हवा असेल तर कधी कधी तेवढेही नाही. मग माणूस बुडतो का? कारण डोके पाण्याबाहेर काढले की त्या चार-पाच किलोंना पाण्याचा आधार राहत नाही, आणि ते उचलून धरायला हातपाय मारावे लागतात. हातपाय थकले की तोंड पाण्याखाली जाते.

म्हणजे मोठ्या माणसाला वर ठेवायला साधारण चार ते सहा किलोंचा जादा आधार पुरतो. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन जवळपास पाच किलोंचा आधार देतो. जॅकेटच्या लेबलवर हा आधार ‘न्यूटन’मध्ये लिहिलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो, हे लक्षात ठेवले की लेबल वाचता येते. जगभर चालणाऱ्या आयएसओ १२४०२ या मानकात चार पायऱ्या आहेत : ५०, १००, १५० आणि २७५. पन्नासचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ आणि मदत हाकेच्या अंतरावर असेल तेव्हाचे आहे. शंभरचे शांत, बंदिस्त पाण्यासाठी. दीडशेचे खुल्या समुद्रासाठी. २७५ चे जड कपडे आणि अवजारे अंगावर असणाऱ्यांसाठी. ज्याला पोहता येत नाही त्याने शंभरच्या खालचे जॅकेट आपले समजू नये.

पण नुसता आधार पुरेसा नाही. तो अंगावर कुठे बांधला आहे, यावर जगणे-मरणे ठरते.

आपल्या खेड्यांत पोरे पोहायला शिकतात तेव्हा पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा डबा बांधतात. शिकायला ही युक्ती चांगली आहे. पाठ वर राहते, पोरगा पालथा पडून हात मारतो आणि मान त्याची तो वर काढतो. पण तोच पोरगा घाबरून किंवा डोक्याला मार लागून शुद्ध हरपला तर? डबा पाठीला वर धरून ठेवेल आणि तोंड पाण्यातच राहील. पोरगा तरंगत राहील, पण श्वास घेऊ शकणार नाही. म्हणून बिंडा बांधलेल्या पोरासोबत विहिरीत पोहणारा माणूस हवाच, आणि नावेत बसताना पाठीला डबा बांधून भागत नाही.

खऱ्या लाइफ जॅकेटमध्ये फोमचा मोठा भाग छातीवर असतो, पाठीवर कमी असतो किंवा अजिबात नसतो, आणि मानेमागे उशीसारखी कॉलर असते. छाती वर उचलली जाते, पाठ खाली जाते, माणूस उताणा होऊन थोडा मागे रेलतो आणि कॉलर डोके धरून ठेवते. दुकानात दोन वस्तू शेजारी टांगलेल्या असतात. एकीला कॉलर असते. दुसरी बंडीसारखी, पुढे-मागे सारखीच जाड असते आणि तिला कॉलर नसते. ही दुसरी बहुधा पोहायला मदत करणारी बंडी असते, शुद्ध हरपलेल्याला ती उताणे करीलच असे नाही. नाव दोघींचेही ‘लाइफ जॅकेट’च सांगतात.

हे ज्ञान सहज मिळालेले नाही. इंग्लंडमध्ये १८५४ साली कॅप्टन वॉर्ड यांनी बचाव नौकेवरील खलाशांसाठी बुचाच्या तुकड्यांचे जॅकेट तयार केले. कित्येक खलाशांना ते अवजड वाटे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी या बंदरात वादळात एकामागून एक जहाजे वाचवून थकलेली बचाव नौका पुन्हा समुद्रात गेली आणि उलटली. तिच्यावर तेरा जण होते. बारा बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, आणि बुचाचे नवे जॅकेट त्याच्या एकट्याच्याच अंगावर होते.

पुढे बुचाच्या जागी सावरीच्या जातीतल्या एका झाडाचा कापूस आला. आपल्या काटेसावरीच्या बोंडातून उडतो तसाच हा मऊ, मेणचट कापूस पाणी पटकन शोषत नाही. पण तो दाबला गेला किंवा त्यावर तेल सांडले तर आधार कमी होतो. म्हणून नंतर फोम आला. फोममध्ये हवेच्या बारीक, बंद कप्प्या असतात, त्यामुळे एखाद्या ठिकाणी फाटले तरी सगळे जॅकेट निकामी होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणारे वैमानिक जॅकेट अंगावर असूनही मरत होते, कारण जखमी, बेशुद्ध माणूस पालथा तरंगत होता. कोणते जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणे करते हे तपासायचे कसे? शुद्धीत असलेला माणूस नकळत मान वर काढतोच. तेव्हा एडगर पास्क या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने स्वतःला भूल देववून घेतली. घशात नळी घातलेल्या त्या बेशुद्ध डॉक्टरला वेगवेगळी जॅकेटे घालून तलावात सोडले आणि तो कसा तरंगतो ते पाहिले. काही वेळा तो तळाला गेला. आज आपल्या हाती येणाऱ्या चांगल्या जॅकेटच्या रचनेत त्या प्रयोगांचे ऋण आहे. ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतःच्या देहावर पडताळा घेणारा असा माणूस आपल्या मुलांना सांगावा असा आहे.

समुद्रावरील मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हीच कसोटी आली आहे. थकलेल्या किंवा बेशुद्ध माणसाला जॅकेटने उताणे केले पाहिजे. तोंड पाण्यापासून वर राहिले पाहिजे. चोवीस तास पाण्यात राहून आधार पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये. आणि मला सर्वांत आवडणारा नियम असा की ज्यांनी ते जॅकेट कधी पाहिलेले नाही अशा शंभरातल्या पंचाहत्तर जणांना कुणी न शिकवता, एका मिनिटात ते बरोबर घालता आले पाहिजे. म्हणजे घालणे जमले नाही तर दोष घालणाऱ्या बाईचा नाही, जॅकेट बनवणाऱ्याचा आहे. बोटीवर लाजून गप्प बसू नका. ‘भाऊ, हे कसे बांधायचे?’ असे सरळ विचारा.

आता घालण्याची रीत. जॅकेट सर्व कपड्यांच्या वर घालावे. पदर कंबरेला घट्ट खोचून किंवा ओढणी आत घेऊन मग जॅकेट चढवावे, नाहीतर बकल लागत नाही. पुढचे सर्व पट्टे लावून ओढून घ्यावेत. पाण्यात जॅकेट वर जायला पाहते आणि शरीर खाली. पट्टे सैल असतील तर जॅकेट कानापर्यंत चढते आणि माणूस त्यातून निसटतो. म्हणूनच काही जॅकेटांना दोन पायांमधून येणारा पट्टा असतो. साडीवर तो लावायला संकोच होतो, हे खरे आहे. ज्यांना रोज नदी ओलांडून कामाला जायचे आहे त्यांनी त्या वेळेपुरती सलवार घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घातल्यावर दुसऱ्याने खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर आले तर सैल आहे.

लेकरांची गोष्ट वेगळी. त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले तर मूल त्यातून खाली सरकते. मुलाच्या वजनाप्रमाणे जॅकेट हवे, पायांमधला पट्टा हवाच, आणि कॉलरवर धरून ओढायला कडी असेल तर उत्तम. हवेच्या ट्यूब आणि दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत. मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर ते आणेपर्यंत मुलासह नावेत चढू नये.

वस्तीत, मंडळात जॅकेटे विकत घ्यायची असतील तर आधी लेबल पाहा : किती न्यूटन, किती किलोच्या माणसासाठी, आणि आयएसओ किंवा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचे प्रमाणपत्र आहे का. पण लेबल काय, कुणीही शिवून लावतो. म्हणून हातानेही पारखा. शंभर न्यूटनचा आधार द्यायला साधारण दहा लिटर मापाचा फोम लागतो. बोटभर जाडीच्या बंडीत तो मावणार नाही. त्यानंतर पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात जॅकेट सोडा आणि किराणा दुकानातली पाच किलोंची लोखंडी वजने त्याला बांधा. पन्नासच्या जॅकेटने एक वजन, शंभरच्या जॅकेटने दोन वजने तरंगत ठेवली पाहिजेत. रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा पाहा. खाली गेले असेल तर फोम पाणी पितो आहे, ते जॅकेट परत करा. रविवारी विहाराच्या अंगणात हा प्रयोग मुलांसमोर केला तर विज्ञानाचा तासही होईल.

पिंपाची परीक्षा आधार मोजते, उताणे करण्याची नाही. त्यासाठी जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी पोहणारा माणूस ठेवून, गुडघे वाकवावेत आणि अंग सैल सोडावे. हातपाय न हलवता तोंड पाण्याबाहेर राहते का, मान मागे टेकते का, हे दोन मिनिटांत कळते. रोज नावेने जाणाऱ्याने हे एकदा तरी करून पाहावे. अंगाला त्या आधाराची ओळख झाली की ऐन वेळी घबराट कमी होते.

गॅसच्या छोट्या नळकांड्याने फुगणारी जॅकेटेही मिळतात. ती घालायला हलकी, पण नळकांडे एकदा वापरले की बदलावे लागते आणि फुग्याला भोक पडले तर सगळेच गेले. नियमित तपासणी होणार नसेल तर वस्तीच्या वापराला फोमचेच बरे. विमानात मात्र सीटखाली असे फुगणारे जॅकेट असते. ते विमानातून बाहेर पडतानाच फुगवायचे. १९९६ साली कोमोरोस बेटांजवळ इथिओपियाचे विमान समुद्रात उतरले तेव्हा अनेकांनी आतच जॅकेट फुगवले आणि पाणी भरताच ते छताला अडकून बाहेर येऊ शकले नाहीत. छत असलेल्या लाँचमध्येही हाच धोका आहे. जॅकेट घातले असेल तर खालच्या बंद खोलीत न बसता उघड्या बाजूला बसावे.

भडक नारिंगी रंग, चमकणारी पट्टी आणि शिट्टी शोभेसाठी नसतात. लाटांत डोके शोधणे कठीण असते आणि ओरडून घसा लवकर बसतो. शिट्टी तुटली असेल तर पाच-दहा रुपयांची प्लॅस्टिकची शिट्टी दोरीने बांधून घ्या.

वापरानंतर जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. उन्हात कापड आणि शिवण कुजते. त्यावर बसू नये, उशी करू नये, रॉकेल-डिझेलजवळ ठेवू नये. दाबून चपटा झालेला फोम फुगत नाही आणि तेवढा आधार कायमचा जातो. दरवर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळी जॅकेटे बाहेर काढून पट्टे ओढून पाहावेत, पिंपातली परीक्षा पुन्हा करावी, आणि जी नापास होतील त्यांचे पट्टे कापून टाकावेत, म्हणजे कुणी चुकून ती घालणार नाही. शेतमालक किंवा मुकादम मजुरांना नावेने नेत असेल तर माणशी एक जॅकेट मागावे, आणि ही मागणी गटातल्या सगळ्यांनी मिळून, पहिल्या फेरीच्या आधी करावी.