इंची लेथवर मेट्रिक आटे

प्रश्न : आमच्या जुन्या लेथचा लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा आहे. त्यावर एम १६ × २ चे आटे पाडताना पहिला कट स्वच्छ येतो; दुसऱ्या कटाला टूल भलतीकडेच उतरते. डायल बघूनच हाफनट लावतो. चूक कुठे?

उत्तर : डायलवर विसंबण्यातच. तुमच्या लीडस्क्रूचा पिच ६.३५ मिमी, तो आणि २ मिमी यांचा मेळ डायलच्या खुणांवर बसत नाही. मेट्रिक आट्यांसाठी हाफनट एकदा लावला की शेवटच्या कटापर्यंत उघडायचा नाही. कट संपला की आधी टूल बाहेर काढा, मग स्पिंडल उलटा फिरवून कॅरेज मागे आणा आणि पुढचा कट द्या. वेळ जातो, पण हा मार्ग भरवशाचा आहे. चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल तर झटक्यात रिव्हर्स देऊ नका, तो सुटून अंगावर येऊ शकतो. ही भीती खरी आहे.

गिअरही तपासा. स्पिंडलकडे ४० आणि लीडस्क्रूवर १२७ दात, म्हणजे नेमका २ मिमी पिच. कारण १२७ भागिले ५ म्हणजे २५.४. काही जण १२७ नाही म्हणून २० आणि ६३ वर भागवतात. त्यात १३ मिमी जाडीच्या नटात सुमारे ०.१ मिमी फरक पडतो आणि नट अर्ध्यावर आवळतो. मग आटे जास्त खोल कापून तो जबरदस्तीने चढवला जातो. असा बोल्ट भार घेणाऱ्या जागी मी कधीच लावू देणार नाही. टूल ६० अंशांचे हवे, ५५ चे नाही. खोली साधारण १.२३ मिमी, शेवटी मापाच्या नटानेच खात्री करा.