बेटाची निवड आणि डॉक्टरची सही
(कॅरिबियन समुद्रातील स्कूबा-सहलीच्या निमित्ताने)

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओपीडी भरलेली असताना एका परिचित कुटुंबाने एक छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. मुलगा अकरा वर्षांचा, जन्मापासून माझाच रुग्ण. सुट्टीत गोव्याला जाऊन त्याला स्कूबा डायव्हिंग करावयाचे होते आणि त्यासाठी ‘प्रकृती योग्य आहे’ असा दाखला हवा होता. मुलाला थोडी सर्दी होती. मी स्टेथोस्कोप लावला, सही केली, शिक्का मारला. कानात पाहिले नाही. पाच दिवसांनी कानातून रक्त येते म्हणून तो परत आला. उजवा पडदा फाटला होता. दीड महिन्यात पडदा भरून आला, ऐकूही पूर्ववत येऊ लागले. पालकांनी मला दोष दिला नाही. मी मात्र ती सही विसरू शकलो नाही.

त्या प्रसंगानंतर मी या विषयाचा थोडाफार अभ्यास केला आणि पुढे पन्नाशीत तारकर्लीला जाऊन हा छंद स्वतःही शिकून घेतला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतील धाकट्या भावाने नाताळच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी कॅरिबियन समुद्रात डायव्हिंगला जाण्याचा बेत मांडला, तेव्हा ‘बेट कोणते’ हे ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. आपल्यापैकी अनेकांची मुले-भावंडे अमेरिकेत आहेत आणि अशा सहली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. म्हणून त्या निवडीमागील विचार येथे मांडीत आहे.

पाण्याखाली काय घडते

समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. दर दहा मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. बॉइलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते. आता वर येतानाचा हिशेब पाहा. तीस मीटरवरून वीसवर येताना फुप्फुसातील अडकलेली हवा एक तृतीयांशाने वाढते. पण दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच हवा दुप्पट होते. सर्वांत मोठा बदल शेवटच्या दहा मीटरमध्येच होतो. उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी ही समजूत त्यामुळे फसवी आहे.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. खोलीवर श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. हाच डिकम्प्रेशनचा आजार. रुग्णाला आडवे झोपवून शंभर टक्के ऑक्सिजन देणे हा प्रथमोपचार, आणि रिकॉम्प्रेशन चेंबर हा खरा उपचार. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या सहाव्या तक्त्यानुसार रुग्णाला अठरा मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजन देण्यास प्रारंभ करतात आणि एका वेळचा उपचार पावणेपाच तासांचा असतो. म्हणून बेट निवडताना प्रवाळ किती सुंदर, याच्या आधी चेंबर किती जवळ, हे विचारावयास हवे.

चार बेटे, चार स्वभाव

मेक्सिकोचे कोझुमेल पाणबुड्यांचे लाडके आहे. पाणी अतिशय स्वच्छ, पालांकारसारखी भव्य प्रवाळभित्ती. परंतु तेथील डायव्हिंग प्रवाहाबरोबर वाहत जाण्याचे. नाव एका ठिकाणी सोडते आणि दुसऱ्या ठिकाणी उचलते. सरावलेल्यास त्याचा आनंद वाटतो, नवख्याचा मात्र श्वास फुलतो.

बेलीझच्या मुख्य भूमीपासून सुमारे सत्तर किलोमीटर दूर, लाइटहाउस रीफवर, प्रसिद्ध ‘ग्रेट ब्लू होल’ आहे. सुमारे तीनशे मीटर व्यासाचे आणि एकशे वीस मीटरहून अधिक खोल असे हे विवर १९९६ पासून जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. त्यातील चुनखडीचे झुंबर पाहावयाचे तर चाळीस मीटरच्या आसपास उतरावे लागते. करमणुकीच्या डायव्हिंगची ती शेवटची सीमा, आणि रुग्णालय तेथून दूर.

ब्रिटिश अंमलाखालील ग्रँड केमन येथे सोयी उत्तम आहेत. तेथील सरळ तुटलेल्या समुद्रकड्याला तोड नाही. पण अशा कड्यावर पायाखाली तळ नसतो आणि खोलीचे भान सहज सुटते. डच अंमलाखालील लहानगे साबा ज्वालामुखीच्या पाण्याखालील सुळक्यांसाठी ख्यात आहे. त्या सुळक्यांची टोकेच पंचवीस-तीस मीटरवर असल्याने ते अनुभवी मंडळींचे ठिकाण होय.

वादळांचा विचार यानंतर येतो. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ने ग्रेनाडा आणि ग्रँड केमन दोन्ही उद्ध्वस्त केली, ऑक्टोबर २००५ मध्ये ‘विल्मा’ने कोझुमेलला झोडपले. विषुववृत्ताकडे जावे तसा धोका कमी होतो हे खरे, पण केवळ अक्षांश पाहून निर्धास्त होऊ नये. ग्रेनाडाही बाराव्या अक्षांशाजवळ आहे, आणि जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ने त्याच देशाच्या कारियाकू बेटाची वाताहत केली.

बोनेर का निवडले

आमच्या चमूत सहा माणसे होती. मी छप्पन्न वर्षांचा, रक्तदाबाची एक गोळी घेणारा. पत्नीला पोहता येत नाही. मुलगी, भाऊ व भावजय प्रशिक्षित. आणि तेरा वर्षांचा पुतण्या, ज्याला याच सहलीत प्रशिक्षण पूर्ण करावयाचे होते. बालरोगतज्ज्ञ औषधाची मात्रा घरातील सर्वांत धडधाकट माणसाच्या वजनावरून ठरवीत नाही. समोरच्या मुलाच्या वजनावरून ठरवितो. तोच न्याय मी येथे लावला. बेट चमूतील सर्वात दुबळ्या सदस्याला पेलले पाहिजे.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेले बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. भाल्याने मासेमारीवर तेथे १९७१ मध्येच बंदी आली आणि १९७९ मध्ये बेटाभोवतीचे पाणी संरक्षित सागरी उद्यान झाले. पश्चिमेचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने पाणी बहुधा शांत असते. डायव्हिंगच्या जागा रस्त्याकडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांनी दाखविलेल्या आहेत. गाडी उभी करावी, साहित्य पाठीवर घ्यावे आणि किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरावे. प्रवाळ थोड्याच अंतरावर सुरू होते. सुमारे दहा मीटरनंतर उतार लागतो. म्हणजे पोहणारा वरून आणि पाणबुड्या खालून, एकच प्रवाळभित्ती पाहू शकतात. राजधानी क्रालेंडाइक येथे रुग्णालय व चेंबर आहे. मात्र चेंबर असणे आणि तो चोवीस तास चालू असणे या निराळ्या गोष्टी आहेत. कॅरिबियनमध्ये कोठेही जावयाचे असले तरी तिकिटे काढण्यापूर्वी याची खात्री करून घ्यावी. आम्ही ती ई-मेलने करून घेतली.

बोनेरही निर्दोष नाही. १९९९ मध्ये ‘लेनी’ हे वादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून आले आणि त्याच्या लाटांनी आडोशाच्या किनाऱ्यावरील प्रवाळ मोडले. २०२३ मध्ये कठीण प्रवाळांची ऊती नष्ट करणारा रोग तेथे पोहोचला. हा रोग २०१४ मध्ये प्रथम मायामीजवळ दिसला होता. तेव्हापासून साहित्य निर्जंतुक करण्यावर तेथे भर आहे. नवजात शिशुकक्षात हात धुण्याबद्दल आयुष्यभर कानीकपाळी ओरडणाऱ्या मला ते पाहून आपल्याच वॉर्डात आल्यासारखे वाटले.

आणखी एक सावधगिरी. बोनेरची सोय हीच तेथील जोखीमही आहे. नाव नाही, वाटाड्या नाही, वेळापत्रक नाही. त्यामुळे दिवसातून चार-पाच बुड्या मारण्याचा मोह होतो आणि शरीरात नायट्रोजन साठत जातो. आम्ही दिवसाला दोनच बुड्यांचा नियम केला आणि विमानापूर्वीचा पूर्ण दिवस कोरडा ठेवला. अनेक दिवस वारंवार बुड्या मारल्यानंतर विमानप्रवासापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. चोवीस तास अधिक बरे.

पुतण्याचा प्रश्न

बेट ठरले, तिकिटे निघाली, आणि मग प्रशिक्षणाचा अर्ज आला. त्यातील दम्याच्या प्रश्नाशी भाऊ अडखळला. पुतण्याला लहानपणी वरचेवर धाप लागे. अजूनही त्याच्या दप्तरात इनहेलर असे.

भावाचा फोन आला. “दादा, ते लहानपणीचं होतं रे. आता तो फुटबॉल खेळतो. तू डॉक्टर आहेस, तूच दोन ओळी लिहून दे.”

बारा वर्षांपूर्वीचा तो कान माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, “इनहेलर शेवटचा कधी वापरला?”

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “गेल्या आठवड्यात. खेळून आल्यावर.”

व्यायामानंतर इनहेलर लागणे यातच उत्तर होते. दम्यात आकुंचन पावलेल्या श्वासनलिकेमागे हवा अडकते. वर येताना ती प्रसरण पावते आणि बाहेर पडण्यास वाट नसेल तर फुप्फुस फाटून हवा थेट रक्तात शिरू शकते. त्यातच सिलिंडरमधील हवा कोरडी व थंड, अंगमेहनत निराळी. दमा असलेल्या प्रत्येकाला डायव्हिंग वर्ज्य आहे असे आता मानले जात नाही. परंतु व्यायाम, थंडी किंवा भावनिक ताण यांनी ज्याचा दमा उसळतो त्याने पाण्याखाली जाऊ नये, तसेच गेल्या ४८ तासांत आराम देणारा इनहेलर लागला असेल तर बुडी मारू नये, असा ब्रिटनमधील तज्ज्ञांचा दंडक आहे. मी सही केली नाही. तेथील डॉक्टरांकडून व्यायामापूर्वीची व नंतरची श्वसनचाचणी करून घे, असे सांगितले. चाचणीत श्वासाचा वेग लक्षणीय घटला. त्याचे रोजचे प्रतिबंधक औषध वाढविण्यात आले आणि त्या वर्षीचे डायव्हिंग रद्द झाले.

बोनेरला पोहोचल्यावर दोन दिवस पुतण्या माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही बारा मीटरवर असताना वर त्याची सावली दिसली. तो हात हलवून डावीकडे काही दाखवीत होता. तेथे एक समुद्रकासव शांतपणे शेवाळ खात होते. आम्ही चौघेही त्याच्यावरून पुढे निघून गेलो होतो. पत्नीही लाइफ जॅकेट घालून त्याच्याबरोबर तरंगत होती. रात्री जेवताना तो म्हणाला, “काका, कासव मी आधी पाहिलं.” ते मी मान्य केले.

सही करण्यापूर्वी

आपल्या मंडळातील सहकाऱ्यांपुढेही असा अर्ज केव्हातरी येईल. २०२० मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीनुसार काही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली की डॉक्टरी तपासणी आवश्यक ठरते. अशा वेळी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. कान : दोन्ही पडदे ऑटोस्कोपने पाहावेत. नाक धरून हलकी फुंकर मारल्यावर पडदा हलतो का, ते तपासावे. सर्दी असताना दाखला देऊ नये.

२. श्वसन : दम्याचा इतिहास केवळ पालकांना न विचारता मुलालाही एकट्याला विचारावा. शंका असल्यास व्यायामचाचणी करावी.

३. वय : दहा वर्षांखालील मुलास नियमित प्रशिक्षण नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरची मर्यादा आहे. वय पुरेसे असले तरी मूल घाबरल्यास सूचना पाळील का, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर कागदावर नसते.

४. हृदय : पाणबुड्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा हृदयविकाराशी निगडित असल्याचे अमेरिकेतील डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या अभ्यासातून दिसले आहे. पंचेचाळिशीनंतर, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, स्ट्रेस टेस्टचा विचार करावा. मी स्वतः निघण्यापूर्वी ती करून घेतली.

५. विमा : डायव्हिंगचे अपघात व चेंबरचा उपचार साध्या प्रवासविम्यात बहुधा नसतो. स्वतंत्र विमा घेतला आहे का, हे विचारावे.

पुतण्या आता पंधरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात त्याला आराम देणारा इनहेलर लागलेला नाही. त्याची चाचणी पुन्हा व्हावयाची आहे. या वेळी बेट त्यानेच निवडले आहे. तो म्हणतो, पुन्हा बोनेरच. चाचणी समाधानकारक आली तर त्याच्या डॉक्टरांची सही होईल आणि तो आमच्याबरोबर खाली उतरेल. न आली तर कासवे वरूनही दिसतात, हे त्याला ठाऊक आहे.