अक्षरामागचा हात

चित्रकथेतील चित्रकाराचे नाव आपल्या स्मरणात राहते. संवाद लिहिणारा अक्षरलेखक मात्र अज्ञात राहतो. आयरा श्नॅप हे त्यांपैकीच एक. १८९४ साली तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले श्नॅप बालपणीच न्यूयॉर्कला आले. पुढे डीसी कॉमिक्सच्या चित्रकथांत ते शाईने संवाद व शीर्षके लिहीत. चित्रकार ज्यो शुस्टर यांनी रेखाटलेल्या ‘सुपरमॅन’ या शीर्षकाला १९४० मध्ये श्नॅप यांनी अधिक सुडौल रूप दिले. त्या काळी अंकात अक्षरलेखकाचे नाव सहसा छापले जात नसे. १९६९ मध्ये श्नॅप यांचे निधन झाले. त्यांची अक्षरे असंख्य वाचकांनी वाचली. परंतु ती कोणी लिहिली, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. सुवाच्य अक्षर अर्थ पोहोचवते आणि स्वतः मागे राहते. श्नॅप यांचे आयुष्यही तसेच होते.