गोळ्या सुरू केल्या आणि अंगावरून जाऊ लागलं

प्रश्न : दोन महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेते. तेव्हापासून अंगावरून पांढरं जातं, कधी तपकिरी डाग पडतात. सासूबाई म्हणतात, यानं हाडं झिजतात. गोळ्या बंद करू का?

उत्तर : ताई, पांढरं गेल्यानं हाडं झिजत नाहीत, ही भीती आधी मनातून काढा. गोळ्यांतल्या संप्रेरकांमुळे बिनवासाचा पांढरा स्राव वाढू शकतो. तपकिरी डाग म्हणजे थोडं जुनं रक्त. पहिल्या ३ महिन्यांत ते बहुधा आपोआप थांबतं. पाकीट मध्येच सोडू नका, गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. गोळ्या चुकल्या असतील, तर गर्भचाचणी करा. दह्यासारखा स्राव, खाज, दुर्गंधी, हिरवट रंग, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुकानातून परस्पर औषध आणू नका, आतून साबणानं धुऊ नका. डाग टिकले तर डॉक्टर गोळी बदलून देतील.