संत्र्याचा खुंट

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत ज्यांच्या विहिरीस बारमाही पाणी आहे, असे पुष्कळ पालक कपाशीच्या जोडीस संत्र्याची बाग लावण्याचा विचार करतात. शेंदुरजनाघाटच्या किंवा दुसऱ्या कोठल्या रोपवाटिकेंतून रोपें आणतांना ते पानांची टवटवी पाहतात, उंची पाहतात, भाव करतात. परंतु रोप कोणत्या खुंटावर बांधलें आहे, हें विचारणारा क्वचितच आढळतो. बाग फळावर येण्यास चार-पांच वर्षें लागतात. चूक कळते ती त्यानंतर, आणि तेव्हां खुंट बदलतां येत नाहीं.

संत्र्याचें कलम म्हणजे दोन झाडांचा संसार होय. खालीं मुळांसह दुसऱ्याच जातीचें रोप असतें, तो खुंट. त्याच्या सालीस चीर देऊन तींत उत्तम संत्र्याचा एक डोळा बसवितात, व डोळा फुटला म्हणजे खुंटाचा शेंडा छाटतात. (संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनास लावल्याचा दृष्टांत आहे. माळ्याची रीत बहुधा याच्या उलट असते. पण आपण सांगतों तें निसर्गाला सोडून आहे, हें पौलानेंही तेथेंच म्हटलें आहे.) फळ डोळ्याच्या जातीचें येतें, हें खरें, परंतु झाड किती फोफावेल, किती वर्षें जगेल, फळ लहान होईल कीं मोठें, हें पुष्कळ अंशीं खुंटावर अवलंबून असतें.

विदर्भांत जंबेरीचा खुंट फार दिवसांपासून रूढ आहे. त्याचीं मुळें जोमानें पसरतात, झाड लवकर वाढतें व फळ मोठें येतें. खोल व निचऱ्याच्या जमिनींत तो शोभतो. परंतु काळ्या जमिनींत पावसाचें पाणी साचून राहिलें, कीं त्याच्या मुळांस कूज लागते आणि बुंध्यांतून डिंक गळूं लागतो. रंगपूर लाइमचा खुंट पाण्याचा ताण व चुनखडी अधिक सोसतो, आणि या रोगापुढेंही जंबेरीहून अधिक टिकतो. म्हणून आधीं शेतांत तीन-चार फूट खड्डा खणून पाहावा, मग रोपें सांगावीं.

ब्राझील देशांत आंबट नारिंगाच्या खुंटावर मोसंबीवर्गाच्या मोठमोठ्या बागा होत्या. १९३७ च्या सुमारास तेथें ट्रिस्टेझा नांवाचा, माव्यानें पसरणारा विषाणुरोग शिरला व लक्षावधि झाडें वाळलीं. नवल असें, कीं नारिंग स्वतःच्या मुळांवर तग धरी, मोसंबी दुसऱ्या खुंटावर तग धरी. या दोघांची जोडी मात्र मरे. सांध्यापाशीं सालींतील अन्नवाहिन्या मरत, पानांत तयार झालेलें अन्न मुळांस पोहोंचत नसे, व मुळें उपाशीं मरत. पुढें तेथें रंगपूर लाइमचा प्रसार झाला. परंतु या शतकाच्या आरंभीं त्या खुंटावरील बागांसही एका नव्या रोगानें गांठलें.

रोप लावतांना सांधा जमिनीपासून सुमारें नऊ इंच वर राहील असें पाहावें. तो मातींत पुरूं नये. सांध्याखालीं फुटणारे कोंब तत्काळ खुडावे. आमच्या अंगणांतील एका झाडाकडे आम्हीं सुटींत दुर्लक्ष केलें. खालचा कोंब बळावला, वरचें संत्रें वाळलें, आणि आम्ही मोठ्या कौतुकानें पाणी घालीत राहिलों तें जंबेरीस. फळें भरपूर आलीं. तीं लोणच्यास उपयोगी पडलीं.