पॉवर बँकेची निवड : आकडा कोणता वाचावा?

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, आदिलाबाद मागे टाकून निर्मलच्या दिशेने निघाले की इचोड्यानंतर नेरडीगोंडा लागते. कडेम नदीवरील सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंतला धबधबा याच मंडळात आहे आणि पावसाळ्यात तो पाहावयास येणाऱ्यांची येथे वर्दळ असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट, राजुऱ्याकडील भाग मुंबई राज्यात गेला व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला; २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा आखली गेली, तरी नातीगोती आखली जात नाहीत. म्हणून या टापूत तेलुगू व गोंडीच्या बरोबरीने मराठीही घराघरांत बोलली जाते.

डोंगराळ व जंगलव्याप्त प्रदेशात पावसाळ्याचे दिवस म्हणजे विद्युत्‌पुरवठ्याच्या कसोटीचे दिवस. वाऱ्याने एखादी फांदी तारेवर कोसळली की आडबाजूच्या पाड्यांत अंधार होतो. पूर्वी अशा वेळी कंदिलाची वात वर केली म्हणजे काम भागत असे. आता बँकेचा संदेश, दवाखान्याचा दूरध्वनी, शाळेची हजेरी आणि परीक्षेचा अर्ज ही सारी कामे हातातील फोनवर वा लॅपटॉपवर अवलंबून असतात. अर्जाची मुदत मध्यरात्री संपावयाची असेल आणि लॅपटॉप रात्री नऊ वाजता बंद पडला, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष हातचे जाऊ शकते. पॉवर बँक, म्हणजेच खिशात वा पिशवीत बाळगता येणारा विद्युत्‌संचायक, ही वस्तू म्हणूनच चैनीच्या यादीतून निघून गरजेच्या यादीत आली आहे. परंतु तिची खरेदी बहुतेक वेळा एकाच आकड्यावरून होते आणि नेमका तोच आकडा ग्राहकाची दिशाभूल करतो.

वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला १०,००० किंवा २०,००० हा आकडा ‘मिलिअँपिअर-तास’ या मापातील असतो. हे माप आतील लिथियम-आयन घटांचे आहे आणि त्या घटांचा विद्युत्‌दाब सुमारे ३.७ व्होल्ट इतकाच असतो. बाहेर पडणारी वीज मात्र ५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाची असावी लागते. दाब वाढविण्याच्या या खटाटोपात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. म्हणून खरा हिशेब ‘वॅट-तास’ या मापात करावयाचा. तो अवघड नाही. १०,००० ला १,००० ने भागून ३.७ ने गुणले की ३७ वॅट-तास येतात. त्यातील सुमारे ८५ टक्के ऊर्जा बाहेर मिळते असे धरले, तर ५ व्होल्टच्या दाबाला हाती येणारा साठा ६,३०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास भरतो. प्रामाणिक उत्पादक वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘निर्धारित क्षमता’ म्हणून असाच आकडा देतात. पुढचा मोठा आकडा सोडून हा मागचा छोटा आकडा वाचावा.

आजच्या फोनमध्ये ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सर्रास असते. तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. तेव्हा १०,००० ची पॉवर बँक असा फोन दोनदा भरील हा समज खरा नाही. दीड वेळा भरला तरी पुष्कळ. घरात दोन फोन असतील व वीज एक रात्र गेली, तर ही क्षमता पुरेशी आहे.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे आणि पैसे वाया जाण्याचे प्रसंगही तेथेच अधिक येतात. लॅपटॉपला केवळ साठा पुरत नाही, तो साठा पुरेशा वेगाने बाहेर यावा लागतो. विहिरीत पाणी भरपूर, पण पोहरा लहान, असे झाले तर शेत भिजत नाही. वीज किती वेगाने मिळते हे ‘वॅट’ या मापाने कळते. दुकानात जाण्यापूर्वी ग्राहकाने आपल्या लॅपटॉपच्या मूळ चार्जरवरील मजकूर वाचावा. तेथे उदाहरणार्थ १९ व्होल्ट व ३.४२ अँपिअर असे लिहिलेले असते. या दोहोंचा गुणाकार केला की ६५ वॅट येतात. पुष्कळ लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॅट लागतात. जी पॉवर बँक फार तर १८ किंवा २२ वॅट देते, तिच्यावर ५०,००० चा आकडा छापलेला असला तरी असा लॅपटॉप तिच्यावर चालणार नाही; बंद ठेवून जोडल्यास क्वचित भरेलही, पण अतिशय मंद गतीने.

यासाठी पॉवर बँकेवर ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही सोय असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. या पद्धतीत पॉवर बँक व उपकरण प्रथम आपसांत दाब ठरवितात आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्टपैकी योग्य तो दाब दिला जातो. त्यामुळे एकाच पॉवर बँकेवर फोन व लॅपटॉप दोन्ही सुरक्षितपणे भरता येतात. लॅपटॉपला टाइप-सी प्रकारचे छिद्र असणे मात्र आवश्यक आहे. आणि छिद्र आहे एवढ्यावरही विसंबू नये, कारण काही लॅपटॉपांत ते केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असते. जुन्या, गोल पिनेच्या लॅपटॉपधारकांनी आपला लॅपटॉप व मूळ चार्जर दुकानात घेऊन जावा आणि जोडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. तारेकडेही दुर्लक्ष होते. साधी टाइप-सी तार ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच वीज वाहते. त्याहून अधिक वीज हवी असल्यास ५ अँपिअरची तार लागते. पॉवर बँक उत्तम घेऊन तार फोनच्या जुन्या चार्जरची वापरणारे ग्राहक अनेक असतात व दोष पॉवर बँकेला देतात.

२०,००० च्या पॉवर बँकेत ७४ वॅट-तास ऊर्जा असते आणि घट वजा जाता ६० च्या आसपास हाती लागते. केवळ अर्ज भरणे, लेखन करणे अशा हलक्या कामास लॅपटॉप तासाला १२ ते १५ वॅट-तास ऊर्जा घेतो असे धरल्यास चार ते पाच तासांचे काम होते. अर्जाच्या त्या रात्रीला एवढा वेळ पुरावा.

बाजारात, विशेषतः रस्त्याकडेच्या विक्रीत, तळहातावर मावणारी ५०,००० ची पॉवर बँक अत्यल्प किमतीत मिळते. तिचा खोटेपणा उघड करण्यास किराणा दुकानातील तराजू पुरे. २१७०० या नावाने ओळखला जाणारा ५,००० मिलिअँपिअर-तासांचा एक चांगला घट सुमारे ७० ग्रॅम भरतो. ५०,००० साठी असे दहा घट लागतील, म्हणजे केवळ घटांचेच वजन ७०० ग्रॅम. हातातील वस्तू पाव किलोचीही नसेल तर दावा खोटा, यात शंका नाही. वजन बरोबर भरले म्हणून दावा खरा, असे मात्र म्हणता येत नाही. बनावट पॉवर बँकांत वाळू व लोखंडाचे तुकडे भरलेले आढळले आहेत. यास्तव भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. पॉवर बँक ही वस्तू सक्तीच्या नोंदणीखाली येते. तिच्यावर मानकाचा क्रमांक आणि रोमन ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या फोनवरील सोयीत हा क्रमांक घालून तो खरा आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. पक्की पावती मागण्यास संकोच करू नये.

सौर पॉवर बँकेचे आकर्षण पाड्यांतून बरेच दिसते. तिच्या पाठीवरील तळहाताएवढा सौर पट्टा जेमतेम एक-दीड वॅट वीज निर्माण करतो. ३७ वॅट-तासांचा साठा भरावयाचा तर आठवडाभराचे ऊन लागते. शिवाय घटांना उन्हात ठेवणे हेच मुळात अहितकारक. लिथियम-आयन घट साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात भरावेत असा दंडक आहे, आणि आदिलाबादच्या मे महिन्यात सावलीतला पाराच त्या मर्यादेला जाऊन भिडतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छताखाली पॉवर बँक ठेवू नये. उशीखाली ठेवून रात्रभर भरणे तर सर्वस्वी टाळावे.

नामांकित मालातही दोष निघू शकतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेत एका प्रसिद्ध उत्पादकाने आगीच्या धोक्यामुळे अकरा लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागविल्या. खरेदीनंतर नमुना क्रमांक जपून ठेवावा तो याचसाठी. पॉवर बँक फुगली, तिला वेगळा वास येऊ लागला किंवा हात लावू नये इतकी ती तापली, तर वापर तात्काळ थांबवावा. फुगवटा दाबून बसविण्याचा अथवा टाचणीने वारा काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये; त्यातून भडका उडतो.

या भागातून आखाती देशांत कामास जाणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. विमानप्रवासात पॉवर बँक सोबतच्या पिशवीतच न्यावी लागते. मालकक्षात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. त्यामुळे २०,००० ची पॉवर बँक नेता येते. ३०,००० ची मात्र १११ वॅट-तासांची भरते आणि तिच्यासाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते. ज्या पॉवर बँकेवरील अक्षरे पुसली गेली आहेत ती तपासणीत अडविली जाण्याचा संभव असतो.

उन्हाळ्यात दीर्घकाळ वापर नसल्यास पॉवर बँक निम्मी भरून थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासावी. मृगाच्या आधी ती पूर्ण भरून, तारेसह, घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या एका जागी ठेवावी. निकामी झालेली पॉवर बँक उकिरड्यावर वा चुलीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन घेताना जुनी कोठे द्यावयाची, हे विक्रेत्याला तेव्हाच विचारून घ्यावे.